जमनाबाईंचा मुतखडा

रनाळ्याच्या जमनाबाईंना मुतखडा कधीच झाला नव्हता. तरी कापूस वेचणीच्या दिवसांत निम्म्या गावाने त्यांना त्यावरचं औषध आणून पाजलं.

खरं दुखणं वेगळं होतं. वर्षभर बाईच्या जागेला खाज सुटत होती. मलमं झाली, निंबाच्या पाल्याचं पाणी झालं. शेवटी सून चेतना हट्टाने त्यांना नाशिकला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कातडीचा तुकडा तपासून स्पष्ट सांगितलं, की त्या जागेच्या बाहेरच्या ओठावर कॅन्सरचा डाग आहे. लहान आहे, पसरलेला दिसत नाही. भोवतालच्या थोड्या चांगल्या कातडीसकट तो काढायचा, जांघेतल्या गाठी तपासायच्या. फक्त उशीर करायचा नाही.

हे गावात सांगायचं कसं, असा पेच पडला. मुलगा हेमकांतने तोडगा काढला, मुतखडा सांगू.

झालं, जमनाबाईंच्या डोक्याला ताप सुरू झाला. शेजारच्या गजराबाई कुळथाचं कढण आणत, गल्लीतला दोधू केळीच्या खांबाचं पाणी पाठवी. आणणारा समोर बसून प्यायला लावी. प्यायलं की सारखं उठावं लागे, आणि दर वेळी त्या जागेची आग आग होई. सांगणार कुणाला?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जमनाबाईंचे जेठ, म्हणजे थोरले दीर, हिलालदादा ओट्यावर येऊन बसले. घरातला शब्द त्यांचा, जीपही त्यांचीच. ते म्हणाले, खडा कढणाने विरघळतो, शहाद्याचा सुपडू तसाच बरा झाला. कापूस घरात येऊ द्या, होळीनंतर बघू. हेमकांत मान खाली घालून बसला. खोटं त्याचंच, पण तोंड उघडेना.

जमनाबाई दाराआड चरफडत होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्या जेठाशी समोरासमोर बोलल्या नव्हत्या. सांगायचं ते दुसऱ्याच्या तोंडून. त्यांनी चेतनाला खुणावलं. ती “मोठे बाबा, आईंना...” एवढं बोलून अडखळली. मग जमनाबाईच डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आल्या.

“दादा, माले मुतखडा नई शे. बाईनी जागाले कॅन्सर शे. आते ल्हान शे, काढी टाका तर मी वाचसू. होळीलोंग मी थांबाव नई.”

हिलालदादांनी खाली बघत वहाणा पायात सरकवल्या. मग उठता उठता, पहाटे जीप दाराशी लावतो, एवढंच म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. काढलेल्या तुकड्याच्या कडांना कॅन्सर नव्हता, जांघेतल्या गाठींतही नव्हता. टाके भरेपर्यंत मात्र नीट बसता येईना. जमनाबाई आतल्या खोलीत कुशीवर पडून राहत. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि ओट्यावरून हिलालदादा त्यांना सांगू लागले, बोराएवढा खडा निघाला. चार दिवसांनी तो लिंबाएवढा झाला. उशाशी गजराबाईंचा कढणाचा तांब्या होताच, तो खडा परत होऊ नये म्हणून.

एका सकाळी खडा पेरूएवढा झालेला ऐकला आणि जमनाबाईंनी आतूनच आवाज दिला. आता मध्ये चेतना लागत नव्हती.

“दादा, आते बस करा. गजराबाई कढण वाढाडी देई.”