माझ्या डोळ्यात पाहा

मी पेनाचं टोक वकीलसाहेबांच्या डोळ्यासमोर नेलं, आणि त्यांनी मान मागे घेतली.

"तू नको," ते म्हणाले. "त्या सेल्समनला बोलव."

जरा आधी, आतल्या अंधाऱ्या खोलीत, याच हातानं मी त्यांच्या पापण्या उचलून पाहिल्या होत्या. तेव्हा "शाबास" म्हणाले होते. मधल्या वेळात एवढंच झालं, त्यांनी विचारलं, "कोणाची गं तू?" आणि मी खुशीत सांगून टाकलं. तुमच्या भिंतीपाशी भाजी घेऊन बसते ना, तिची. वाटलं, ओळख निघाली, म्हाताऱ्याला बरं वाटेल. भारी हौस मला!

आईच्या टोपलीतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी रोज त्यांच्या घरात जायची. भाजी धुवून घेता येते. मला कसं धुणार?

अमरावतीच्या भर बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासायची. कॉलेजात त्याचंच शिक्षण घेऊन आलेली. लांबचं आणि जवळचं एकाच काचेतून दिसणारा चष्मा करायचा, तर फ्रेम गिऱ्हाईकाच्या नाकावर बसवून, डोळ्याच्या बाहुलीच्या नेमकं समोर, काचेवर पेनानं खूण करावी लागते. मी त्याच्या उंचीला बसते आणि म्हणते, माझ्या डोळ्यात पाहा. आमच्या दुकानात दुसरा रस्ता नव्हता.

सेल्समननं उभ्याउभ्याच खूण केली. वरून केलेली खूण वर सरकते, मग चालताना पायाखालचं धूसर दिसतं. त्याचं आडनाव वकीलसाहेबांना चाललं. मी बाजूला उभी राहून पाहत होते. राग नंतर आला. आधी लाज वाटली, तीही स्वतःचीच.

चष्मा तयार होऊन गेला आणि काही दिवसांत वकीलसाहेब तो घेऊन परत आले. संध्याकाळची वेळ, दुकान भरलेलं.

"पायरी दिसत नाही मला! जिन्यात पडता पडता वाचलो." मग माझ्याकडे बोट. "हिच्या आईच्या हातात तराजू ठीक आहे. लोकांचे डोळे हिच्या हातात देता?"

मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो. खूण कोणी केली, ते भाऊंना ठाऊक होतं. सेल्समन मान खाली घालून फ्रेम्स पुसत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी. भाऊ माझ्या कानाशी आले.

"हात जोड न व. काय जाते तुह्यं?"

माझे हात खरंच उचलले गेले होते. सवय. कोणी किडकं वांगं अंगावर फेकलं की आई अशीच हात जोडायची. "चुकलं बाप्पा," म्हणायची. तेच शब्द माझ्या जिभेवर आले. मी हात खाली घेतले. कॉलेजात घासून घासून शुद्ध केलेली माझी भाषा तिथेच गळून पडली.

"माह्यं काही चुकलं नाही. खूण मी केलीच नाही. तुमी करू नाही देली. आता बसा इथं, अन् माह्या डोळ्यात पाहा."

ते बसले नाहीत. भाऊंकडे तोंड करून म्हणाले, "हिला काढा." भाऊंनी काढलं. त्याच संध्याकाळी.

घरी आई म्हणाली, "काहून बोलली व? आपल्याले त्यायच्याच भितीपाशी बसा लागते."

दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर पाणी ओतलेलं. साधं नळाचं पाणी, सांडल्यासारखं. नंतरही रोज. शेवटी आई टोपली उचलून लांबच्या चौकात बसायला गेली. तिथं गिऱ्हाईक फिरकत नाही. ती मला काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला वाईट वाटतं. पण पश्चात्ताप होत नाही. दोन्ही खरं आहे.

आता मी अकोल्यात दुसऱ्या दुकानात आहे. पहिल्याच दिवशी मालकाला सांगितलं, खूण मीच करणार. ज्याला माझा हात चालत नाही, त्याचा चष्मा मी तपासलेल्या नंबरावर होणार नाही. मालकाचं तोंड वाकडं झालं. होऊ दे. इथूनही काढतील कदाचित. तिसरं दुकान शोधीन.

परवा एका बाईंनी खुर्चीत बसल्याबसल्या विचारलं, "कोनाची व तू, पोरी?"

"अमरावतीले भाजी विकते, तिची," मी म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं. "आता सरळ माह्या डोळ्यात पाहा."

हात पुढे केला. तो आता मी मागे घेत नाही.