मुलीचं गुपित माझ्याकडे

लंडनजवळ वॉटफर्डला आमच्या भिंतीला भिंत लागून एक चिनी बाई राहतात. नवऱ्याबरोबर आयुष्यभर जेवण बांधून देणारा टेकअवे चालवला, आता एकट्या आहेत. मुलगी मँचेस्टरला वकील. दर रविवारी तिचा फोन येतो आणि लगेच आटपतो. एवढ्यात काय बोलता, असं मी एकदा विचारलंही. ‘मी विचारते, जेवलीस का? ती म्हणते, येस.’ मी हसले. लीड्सला असलेल्या माझ्या मुलाशी तरी याहून जास्त बोलणं कुठे होतं?

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशनला मीच सोबत गेले. मुलीला सांगितलंत का, म्हटलं. ‘नो, नो. शी वरी. यू नो टेल.’ मला यात काही वावगं वाटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडेही चालतंच. मी जिन्यावरून पडले ते माझ्या मुलाला अजून ठाऊक नाही.

पण ऑपरेशननंतर आलेला ताप उतरेना म्हणून बाईंना हॉस्पिटलात ठेवून घेतलं. रविवारी त्यांच्या घरातला फोन वाजून वाजून थांबला. दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्या दारात. ‘आंटी, मॉम कुठाय?’ माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. सगळं सांगून टाकलं.

ती माझ्या किचनमध्ये बसून रडली. ‘तुम्हाला सांगितलं आणि मला नाही!’

मला रागच आला. ‘आणि तू काय सांगतेस गं तिला?’

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, नवऱ्यापासून वेगळी होऊन बरेच महिने झालेत. आईला वाटतं, तो सारखा कामावर असतो. ‘प्लीज आंटी, तिला सांगू नका. उगाच वरी करेल.’

बाई घरी आल्या. मुलगी आठवडाभर राहिली. भिंतीतून भांड्यांचे आवाज यायचे, बोलण्याचे फारसे नाहीत. ती गेल्यावर बाई मला म्हणाल्या, ‘सन-इन-लॉ नो कम. व्हेरी बिझी.’ आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना कळलंय, पण त्या कुणालाच विचारणार नाहीत. मीही जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून बसले.

घरी येऊन मुलाला फोन लावला. कसा आहेस? मस्त. जेवलास? हो. त्याने ठेवलासुद्धा. त्याचं खरं काय ते ठाऊक असलेली एखादी शेजारीण लीड्समध्येही असेल. असली तर बरंच, असं वाटलं, आणि मग फार एकटं वाटलं.