गुंड्यानं काय खाल्लं?

धारवाडच्या मळमड्डी भागातून रिक्षा निघाली की आजही तो कुत्रा माझ्या डोळ्यांसमोर येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण आठवण सांगा म्हणालात तर ही सांगेन. माणसांची नावं सांगणार नाही. कुत्र्याचं सांगायला हरकत नाही, गुंड्या.

मी तेव्हा धारवाडला पीएसआय होतो. दुपारी जेवणाचा डबा उघडतोय तोच एक निवृत्त गणिताचे मास्तर ठाण्यात आले. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. "साहेब, शेजाऱ्यानं माझ्या कुत्र्याला विष घातलं. 'एक दिवस घालीन' असं म्हणालाच होता," म्हणाले आणि बाकावर बसून लहान मुलासारखे रडू लागले. बायको वारलेली, मुलगी बेंगळुरूला. घरात हे आणि गुंड्या. तो जनावरांच्या दवाखान्यात निपचित पडून होता. जनावराला विष घालणं हा गुन्हाच आहे. ठाण्याच्या डायरीत नोंद केली आणि आधी दवाखान्यात फोन लावला.

"अंग गार पडलंय, हृदयाचे ठोके फार मंद आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे उंदराच्या औषधासारखं दिसत नाही. सलाईन लावलंय, पण काय खाल्लं ते कळल्याशिवाय नेमका इलाज कसा करू? पुडी, पाकीट, उष्टं, जे सापडेल ते घेऊन या. आणि मास्तरांना सांगा, घरी त्याच्या तोंडात मिठाचं पाणी ओतलं म्हणे. ते फुप्फुसात गेलं असतं तर तेवढ्यानंच गेला असता. उलटी करवायची की नाही ते आम्ही ठरवू."

म्हणजे आरोपी नंतर पकडला तरी चालणार होतं. विष आधी सापडायला हवं होतं.

मास्तरांना जीपमध्ये घालून थेट मळमड्डी गाठली. शेजारी हुबळीच्या बाजारातले कापडवाले, सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. दुकानाला सुट्टी, म्हणून घरीच होते.

"'एक दिवस विष घालीन' असं तुम्ही म्हणालात?"

"हौद्री, हो, म्हणालो!" अण्णा भडकले. "माझे नवे कोरे जोडे फाडले त्यानं, मग काय आरती ओवाळू? पण ते रागात म्हणालो, साहेब. मुक्या जनावराला विष घालायला मी काय राक्षस आहे?"

दटावलं, आवाज चढवला, तेच प्रश्न फिरवून विचारले. गडी जराही अडखळला नाही. उलट मलाच विचारलं, "ते सगळं राहू द्या हो. गुंड्या जगेल ना?" अडकलेला माणूस आधी आपलं काय होणार ते विचारतो. अण्णांना सोडलं आणि मास्तरांच्या घरात शिरलो.

स्वयंपाकघर, मोरी, परसू धुंडाळलं. काही नाही. तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. मुलगी होती. मास्तरांना ऐकू कमी येतं, त्यामुळे तिचा आवाज घरभर.

"अप्पा, सकाळच्या गोळ्या..."

"घेतल्या गं, घेतल्या."

गुंड्याबद्दल चकार शब्द न काढता त्यांनी फोन ठेवला. मी मात्र थबकलो. खरं बोलणारा माणूस प्रश्न पुरता ऐकून घेतो. खोटं बोलणाऱ्याचं उत्तर त्याआधीच तयार असतं. चौकशीच्या खोलीत हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं.

"मास्तर, गोळ्या कुठे आहेत?"

"घेतो ना मी रोज."

"ते नंतर बघू. तिकडे गुंड्या मरतोय. कुठे आहेत?"

त्यांनी खिडकीच्या कट्ट्याकडे पाहिलं. कट्टा रिकामा होता. "डबा इथेच होता," मास्तर म्हणाले. "गुंड्या काही ओढून नेलं की पलंगाखाली नेतो." मी वाकून पलंगाखालून पेढ्यांचा पुठ्ठ्याचा डबा ओढून काढला. कुरतडून चिंध्या केलेला, आणि तळाशी गुलाबी गोळ्यांचा चुरा.

मास्तरांनी रक्तदाबाच्या गोळ्या कधीच्याच सोडल्या होत्या. मुलीनं पाहिली तर पाकिटं रिकामी दिसावीत म्हणून रोजची गोळी सोलून पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. आणि गुंड्याला पेढ्याचा तुकडा मिळायचा तो असल्याच डब्यातून. वास तोच, डबा तोच. त्या बिचाऱ्यानं आपला खाऊ समजून खाल्ला.

"टाकून का नाही दिल्यात?"

"पोरीनं पाठवलेल्या, साहेब. टाकवेनात."

"मग घेतल्या का नाहीत?"

"कुणासाठी घ्यायच्या?"

मला फार वाईट वाटलं, पण बोलायला वेळ नव्हता. कचऱ्यातलं पाकीट शोधून गोळीचं नाव डॉक्टरीणबाईंना फोनवर वाचून दाखवलं. "बरं झालं," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. आम्ही दवाखान्यात पोहोचलो तर अण्णा आमच्या आधीच स्कूटरवरून तिथे हजर. गुंड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "ऊठ रे लबाडा, दुसरे जोडे आणलेत मी."

दिवस मावळताना गुंड्यानं शेपटी हलवली. मास्तर अण्णांचा हात धरून म्हणाले, "मला माफ करा." मग मी त्यांच्यासमोर फोन धरला. मुलीला सगळं खरं सांगायला लावलं. पलीकडून बराच वेळ फक्त रडणं ऐकू येत होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी अण्णा कंपाउंडवरून ओरडायचे, "मास्तर, गोळी! माझ्यासमोर!"

डायरीत लिहिलं, गुन्हा घडलेला नाही, तपास बंद. त्या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. कुत्र्यानं औषध खाल्लं तर घरगुती उपाय करत बसू नये, पाकिटासकट दवाखाना गाठावा. आणि एकट्या माणसाला 'गोळ्या घेतल्या का' एवढंच विचारून भागत नाही.

आता मीही एकटाच आहे. परवा मुलाचा फोन आला. "बाबा, गोळ्या..."

"घेतल्या," मी म्हणालो.

फोन ठेवला. मग उठलो आणि घेतल्या.