थोरलीचा टाक

उत्तरावहिनीसारखी सोशिक बाई मी कल्याणात दुसरी पाहिली नाही, आणि तिला सर्वांत जास्त छळलं ते मीच. मी बालविधवा नणंद, भावाच्या तुकड्यावर जगणारी. तोरा मात्र मालकिणीचा. श्रीपाददादाची ती दुसरी बायको. थोरली वारल्यावर रिवाजाप्रमाणे तिचा चांदीचा टाक, म्हणजे पत्र्यावर ठसवलेली तिची प्रतिमा, देव्हाऱ्यात ठेवला होता, आणि त्याला रोज हळदकुंकू वाहणं हे वहिनीचं काम. एकदा तापामुळे तिचे दोन दिवस चुकले. मी ते मनात धरून ठेवलं.

दादा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. त्याला मधुमेह. मोरीत त्याच्या लघवीला मुंग्यांची रांग लागायची, तरी गूळ काही सुटत नव्हता. अठराशे ब्याण्णव सालच्या श्रावणात त्याचं नाक चोंदलं, गाल सुजला, एक डोळा बाहेर आला आणि नाकातून काळं पडू लागलं. मग तो बरळू लागला. वहिनीला थोरलीच्या नावानं हाका मारायचा.

वहिनी म्हणाली, "वन्सं, यांना दवाखान्यात नेऊ या."

मी कडाडले, "दवाखाना कशाला? टाकाची पूजा चुकवलीस ना? थोरलीनंच धरलंय त्याला!"

जवळच्या मोहन्याहून देवऋषी आणवला. तीन दिवस नुसते अंगारे-धुपारे. चौथ्या दिवशी दादाचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा कुठे डोलीतून दवाखान्यात नेलं. वहिनी बाहेर ओसरीवर बसली. डॉक्टरांनी नाकाशी दिवा धरून पाहिलं आणि ते मला म्हणाले, "बाई, ही बुरशी दिसते. विलायतेत अशी एखाददुसरी केस सापडली आहे. नाकातून डोळ्यामागे जाते, तिथून मेंदूत. रक्ताच्या वाटा बुजवते, मग मेंदूचा तेवढा भाग मरतो. म्हणून हे बरळत होते. आधी आणलं असतंत तर काळं कापून पाहिलं असतं."

संध्याकाळी दादा गेला. वहिनीला मी यातलं अक्षरही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोष माझ्या पदरात पडला असता.

पुढे सात वर्षं ती एकवेळ जेवून त्या टाकापुढे नाक घासत राहिली. मी शेजारी वाती वळत बसायची. लाज वाटायची, पण खरं सांगणं रोज उद्यावर ढकलायची.

गेल्या माघात तिनं अंथरूण धरलं. अखेरच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, माझ्यामुळे हे गेले. थोरलीनं मला क्षमा केली असेल का हो?"

निदान तेव्हा तरी खरं बोलायचं! शब्द अगदी ओठांवर आले होते.

"केली असेल हो," मी म्हणाले.

तेवढ्यावर तिनं मलाच हात जोडले.