हौदातला रुपया

काळुराम केणेंच्या घरी मुलीला बघायला आलेले पाहुणे पाणी न पिता गेले, हे मला काळुरामांनी सांगितलं नाही. सांगितलं त्यांच्या बायकोनं, शकूवहिनींनी, तेही फोनवर, रडू आवरत. पोहे खाल्ले, चहा झाला, पण पाण्याचे पेले भरलेले तसेच राहिले. मला इतका राग आला की त्या दिवशी डबा न खाता तसाच घरी नेला.

आधी काळुराम कोण ते सांगते. शीळफाट्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या विद्यापीठाची एक छोटी संशोधन अणुभट्टी आहे. तिच्यातून वीजबीज निघत नाही. मुलांना भट्टी चालवायला शिकवायचं आणि माती, खडक, औषधं यांचे नमुने तिच्यात ठेवून त्यांत काय काय आहे ते शोधायचं, एवढंच तिचं काम. दिसायला ती म्हणजे एक खोल हौद. तळाशी इंधन, वर स्वच्छ पाणी. पाणी इंधनाला गार ठेवतं आणि किरणं अडवतं, त्यामुळे वरच्या कठड्याशी उभं राहून आपण आत बघू शकतो. भट्टी चालू असली की तळाशी निळा उजेड दिसतो. हे पाणी काळुरामांच्या ताब्यात. पंप, गाळण्या, पाण्यातले क्षार ओढून घेणारी पिंपं, सगळं तेच बघतात. इंधनावरचं ॲल्युमिनियमचं आवरण क्षारांनी खराब होतं, म्हणून सकाळी आल्या आल्या पाण्यात क्षार किती ते बघायचं आणि मग चहा.

काळुराम कोपर गावातले. त्यांचे वडील खाडीकाठच्या मिठागरावर राबले. "बाप पाण्यातनं मीठ काढून विकायचा, मी मीठ काढून फेकून देतो, आणि पगार मलाच जास्त," असं ते नवीन मुलांना सांगतात आणि मुलं हसेपर्यंत थांबतात. माणूस तसा गमत्या, पण कठड्याशी गेला की त्याच्यातली गंमत संपते. हौदात काही पडू नये म्हणून खिशात पेन असलेला माणूस त्यांना चालत नाही. चष्म्याला दोरी हवी, कानातलं काढलेलं हवं. बाहेरून आलेल्या एका बड्या साहेबांना त्यांनी टायपिन काढायला लावली होती आणि आमचे विभागप्रमुख दोन आठवडे काळुरामांशी बोलत नव्हते. घरी पिंपातून पाणी काढतानासुद्धा आधी शर्टाचा खिसा रिकामा करतात. शकूवहिनी म्हणतात, "ह्यांना हौदाशी लग्न लावायला पायजे होतं."

आता मी. माझं नाव उत्तरा, मी तिथली किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी. कोणाच्या अंगावर किती किरणं पडतात ते मोजणं हे माझं काम. काळुरामांच्या छातीवर किरणं मोजणारा बिल्ला असतो, त्याची नोंद मी इतकी वर्षं बघते आहे. तीत बघण्यासारखं काही नसतं. पण लोकांना हे पटत नाही. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत मला अजून विचारतात, अंधारात तुम्ही चमकता का हो? पूर्वी मी समजावून सांगायची. आता म्हणते, हो, आमच्याकडे लाइटबिल येत नाही.

काळुरामांच्या मुलीला, करिश्माला, आधी एक स्थळ आलं होतं. पत्रिका जुळली, देणंघेणं नको होतं, आणि मग वडील काय करतात कळल्यावर निरोप आला की मुलाचा विचार बदललाय. ती ठाण्याला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, हुशार आणि फटकळ. तेव्हा तिनं मनावर घेतलं नाही. या वेळी गोष्ट वेगळी होती. हर्षित मढवी हा दिवा स्टेशनकडचा मुलगा, ठाण्याच्या कोर्टात नोकरीला. पाय मोडल्यावर व्यायामासाठी तिच्या दवाखान्यात आला आणि पाय बरा झाला तरी येत राहिला. करिश्मानं वडिलांना सरळ सांगितलं, "पप्पा, ह्या वेळेला मला हो पायजे."

हर्षितच्या घरात शेवटचा शब्द त्याच्या आजीचा, मनुबाईंचा. शेतं विकून त्या जागी इमारती उभ्या राहिल्या, मुलगे बिल्डर झाले, तरी अंगठा कुठे उठवायचा ते ही बाई ठरवायची. त्या दिवशी अणुभट्टीवाल्याच्या घरचं पाणी नको म्हणून पेल्याला हात न लावता उठल्या त्या आधी मनुबाईच. त्यांच्यामागे हर्षितचे वडील आणि मग सगळे. काळुरामांनी बिल्ल्याच्या नोंदींचे कागद पुढे ठेवले होते. हर्षितचे वडील म्हणाले, "कागदाचं काय, केणे, कागद कसाही बनतो. उद्या पोरीला काय झालं, तिच्या पोरांना काय झालं, तर कागद घेऊन कुठं जायचं?" काळुरामांनी कागद गोळा केले. खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मोजमापावर विश्वास ठेवायचा तर आधी मोजणाऱ्यावर ठेवावा लागतो.

तरी स्थळ मोडलं नव्हतं, कारण हर्षित अडून बसला होता. तेव्हा काळुरामांनी एक बेत केला. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला आमच्याकडे लोकांना भट्टी दाखवतात. कर्मचाऱ्यांना घरच्यांसाठी पास मिळतात. त्यांनी आपले पास मढवी मंडळींना दिले. "मॅडम, स्वतःच्या डोळ्यांनी बघूदेत," ते मला म्हणाले. "मी तिथं दिवसभर उभा असतो, ते बघूदेत." त्यांनी नवा शर्ट शिवला होता, खिसा नसलेला.

मंडळी आली. मनुबाई नऊवारी लुगडं नेसलेल्या, ताठ, काठी नको म्हणणाऱ्या. दाराशी आमची तपासणी चोख होती. फोन, पेन, पर्स, कानातलं, गजरा, बांगड्या, सगळं ट्रेमध्ये. मंगळसूत्र काढायला कोणी तयार होत नाही, म्हणून सगळ्याच बायकांना वरून बंद गळ्याचा कोट. मनुबाईंच्या कानातल्या जुन्या सोन्याच्या बुगड्या निघेनात, तर काळुरामांनी स्वतः त्यांच्या डोक्याला फडकं बांधून दिलं. त्यांनी ते बांधू दिलं, हेच मला मोठं वाटलं. खिसा त्यांना नव्हताच. पदर कोटाखालून बाहेर आला होता, त्याच्या टोकाला एक गाठ होती, आणि पदराची गाठ तपासायची हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलेलं नव्हतं. नियम करणारे आम्ही सगळे पँट घालणारे.

भट्टी अगदी कमी शक्तीवर चालू होती, लोकांना निळा उजेड दिसावा म्हणून. नियंत्रण कक्षात धनेश बसला होता, आमचा तरुण ऑपरेटर. मी जिन्याखाली मोजयंत्र घेऊन उभी होते. वर कठड्याशी काळुराम हात मागे बांधून सांगत होते, हे पाणी किती स्वच्छ, हा उजेड कशाचा. मनुबाई वाकून बघत होत्या. सगळी मंडळी खाली उजेडाकडे बघत होती. मनुबाईंनी पदराची गाठ सोडली, त्यातला रुपया कपाळाला लावला, आणि हौदात सोडला.

खाडीच्या पुलावरून जाताना आमच्याकडे हजारो लोक हेच करतात. पाणी मोठं आहे, खोल आहे, त्याला काहीतरी द्यावं. त्यांच्या मनात तेवढंच होतं, पुढे त्यांनीच मला सांगितलं.

हे काळुरामांशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. रुपया छोटा, आवाज झाला नाही. ते गप्प राहिले असते तर कळायला बरेच दिवस गेले असते, आणि कळल्यावरही त्या दिवशीच्या शेकडो लोकांपैकी कोणाचा ते कळलं नसतंच. मी खालून त्यांचा चेहरा बघितला. एक श्वास घेण्याइतका वेळ ते मनुबाईंकडे बघत राहिले. मग मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "धनेश, बंद कर. हौदात नाणं पडलंय."

आमच्याकडे असं कोणी म्हटलं की का असं विचारत नाहीत. धनेशनं बटण दाबलं, नियंत्रक दांडे खाली पडले, निळा उजेड ओसरू लागला. मी वर धावले आणि ठरलेला प्रश्न विचारला, काय पडलं, कोणाकडून.

"रुपया," काळुराम म्हणाले. "मनुबाई मढवींनी टाकला. मी बघितलेलं."

हर्षितच्या वडिलांचा चेहरा लाल झाला. "केणे, आमच्या आईचं नाव चारचौघात? जरा बाजूला घेऊन सांगितलं असतंत तर?"

"भट्टी चालू होती," काळुराम म्हणाले.

सगळ्यांना बाहेर काढलं. रांगेत उभी असलेली शाळेची मुलं परत गेली. दिशा नावाची आमची एक संशोधक विद्यार्थिनी आहे, तिचे नमुने त्या आठवड्यात भट्टीत जायचे होते. ती चिडली आणि तिचं बरोबर होतं. रुपया एवढासा, पण इंधनाच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत अडकला तर तिथलं पाणी अडतं, गंजला तर पाणी खराब होतं. तो निघेपर्यंत भट्टी चालू होणार नव्हती. मढवी मंडळी गाडीत बसून गेली. हर्षित तेवढा मागे वळून बघत होता.

त्या संध्याकाळी काळुराम पंपाच्या खोलीत बसून होते. मी चहा नेला. म्हणाले, "पोरीला काय सांगू, मॅडम?" मी म्हटलं, "चहा घ्या." मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि करिश्मासाठी वाईटही.

रुपया काढायला वेळ लागला. तो स्टीलचा, चुंबकाला चिकटतो, पण हौदात नवीन वस्तू घालायची तर समितीची परवानगी लागते. ती आल्यावर काळुरामांनी लांब दांड्याच्या टोकाला चुंबक बसवला. पाण्यावर काचेच्या तळाचा डबा धरला की तरंग आड येत नाहीत आणि खालचं स्वच्छ दिसतं. धनेशनं डबा धरला, काळुरामांनी दांडा सोडला. रुपया इंधनाच्या बाहेरच्या कडेला, जाळीवर आडवा पडला होता. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा आला. मी मोजयंत्र लावलं, ते किंचित बोललं. थोडक्यात, तो रुपया आता बाजारात जाण्यासारखा राहिला नव्हता. तो डबीत घालून शिशाच्या कपाटात कुलूपबंद केला. भट्टी पुन्हा चालू झाली. दाराशी तपासणीच्या पाटीवर "पदराची गाठ" असं नवं कलम आलं, ते माझ्या अक्षरात आहे.

घरी मात्र शकूवहिनी नवऱ्याशी कामापुरतं बोलत होत्या. करिश्मा ओरडली असती तर बरं, पण ती डबा घेऊन कामाला निघून जायची. हर्षित दवाखान्यात येत होता, घरून निरोप येत नव्हता. काळुराम कामावर वेळेवर येत होते आणि चहाच्या वेळची मिठागराची गोष्ट सांगायचे बंद झाले होते.

आणि मग निरोप आला. रविवारी येतोय, आणि ती यंत्रवाली बाईपण पाहिजे.

म्हणजे मी. मी समजायचं ते समजले. आता यांना केणेंच्या घरातली किरणं मोजून हवी होती. माझं डोकं असं फिरलं की मी काळुरामांना म्हटलं, मी येणार नाही. ते म्हणाले, "या, मॅडम. मोजा. भिंती मोजा, मला मोजा, पोरीला मोजा. मला काय लाज नाय त्याची." मग मी गेले. मोजयंत्र पिशवीत घेतलं, आणि कोपरला उतरल्यापासून त्यांच्या घरापर्यंत मनातल्या मनात भांडत गेले.

मनुबाई खुर्चीवर बसल्या होत्या, हर्षित आणि त्याचे वडील बाजूला. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"यंत्र आनलंस?"

"आणलंय," मी म्हटलं आणि पिशवीची चेन उघडायला लागले.

"रवंदे पिशवीत," त्या म्हणाल्या. "माजा रुपया कुठं हाय?"

"आमच्याकडे. कुलपात."

"बरं झालं. पान्याला दिलेला मी परत घेतला नसता." मग त्या काळुरामांकडे वळल्या. "आमच्या गावात माजं नाव घ्यायची कुनाची छाती नाय. माजे पोरगे घेत नाय. तू सगल्या लोकांत घेतलंस."

काळुराम उभेच होते. "घ्यावं लागलं, आये."

"पोरगी द्यायची होती तरी घेतलंस."

"हो."

मनुबाई मुलाकडे वळल्या. "तू बोललास, यो मानूस काय दडवत असंल तं? यानं माजा रुपया दडवला नाय, आनखी काय दडवील?"

मग मनुबाईंनी आतल्या दाराकडे बघितलं. करिश्मा तिथे चौकटीला धरून उभी होती. पण त्यांनी तिला हाक मारली नाही.

"काळुराम," त्या म्हणाल्या, "पानी आन. तुज्या हातानं."

काळुराम आत गेले. पिंपावर वाकण्याआधी त्यांचा हात सवयीनं छातीशी गेला, पण त्या दिवशीही त्यांनी तोच बिनखिशाचा शर्ट घातला होता. त्यांनी पेला भरून आणला आणि मनुबाईंच्या हातात दिला. मनुबाईंनी तो सगळा प्यायला आणि रिकामा पेला मुलासमोर धरला.

"याला पन दे," त्या म्हणाल्या.