ढोलवाल्या मॅडम

शहाद्याच्या दवाखान्यात फिजिओथेरपीच्या मॅडमच्या खोलीतून ढोल ऐकू यायचा. नवा पेशंट दचकायचा. आत बघावं तर ढोल कुठला! स्टीलच्या डब्याचं झाकण उपडं घालून मॅडम त्यावर बोटांनी ठेका धरायच्या आणि समोर कुणी आजोबा त्या ठेक्यावर पाय वर-खाली करत असायचे. व्यायाम म्हणजे एक, दोन, तीन मोजणं अशी आमची समजूत. मॅडमना मोजणं नामंजूर. "मोजाले लागनं की मानूसले संपाडानी घाई व्हस," त्या म्हणायच्या. त्या धडगावकडच्या, डोंगरातल्या पावरा आदिवासी घरातल्या. होळीचा ढोल अंगातच होता, फक्त आमच्यासाठी तो निम्म्या चालीवर यायचा. म्हणून तालुकाभर त्या ढोलवाल्या मॅडम झाल्या.

माझे सांधे जन्मापासून सैल. अंगठा मनगटाला टेकतो, कोपर उलटं वळतं. लहानपणी लग्नाकार्यात ही फुकटची करमणूक होती, आणि शाळेत योगासनांना मी कायम पहिल्या रांगेत. त्यामुळे पुढे सांधे दुखायला लागले तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. एवढी वळतेस आणि दुखतं म्हणतेस? लेक झाल्यावर मात्र खांदा जागा सोडायला लागला. एकदा चिकूला पाळण्यातून उचलताना तो निसटला. सासूबाईंनी झेप घेऊन पोर झेलली. तेव्हापासून चिकूला उचलणं हे खातं त्यांच्याकडे गेलं. चिकू चालायला लागली, पडायला लागली, आणि पडली की रडत माझ्या अंगावरून पुढे आजीकडे पळायची. खांद्यापेक्षा मला ते जास्त दुखायचं.

पहिल्या दिवशी सासूबाईंनीच मॅडमना सांगितलं, "हिनं अंग आखडी गयं, जरा मोकळं करा." घरी त्या मला रोज तेल लावून, हात ताणून मोकळं करतच होत्या. मॅडमनी माझं कोपर पाहिलं, गुडघे पाहिले, आणि खो-खो हसल्या. "माय, हिनं सगळं मोकळंच शे. हिले तर बांधनं शे!" त्या दिवसापासून ताणणं बंद. शेजारच्या खाटेवरच्या बाईला "आखो वाक, आखो वाक" आणि मला "बस, इतलंच." मी मॅडमची लाडकी लेक असल्यासारखी ती बाई माझ्याकडे हेव्यानं बघायची.

उभी राहिले की माझे गुडघे मागे जाऊन ताठ व्हायचे. त्यावर मॅडमचं एकच वाक्य होतं, "दार लोट, कडी नको लाऊ." गुडघा सरळ कर, पण कुलूपबंद करू नकोस. "काठी गावनी होळीले लोके रातभर नाचतस. कोनाना गुडघा ताठ दिखस का तुले?" आणि खोलीतल्या खोलीत दोन पावलं नाचूनही दाखवायच्या. आजही भाकरी थापायला उभी राहिले की मी आधी गुडघ्यांची कडी काढते.

मॅडमच्या तीन भाषा होत्या. आईशी फोनवर पावरी, आमच्याशी अहिराणी, आणि राग आला की थेट पुस्तकी मराठी. एरवी मला "तू" म्हणणाऱ्या मॅडम "आपण" म्हणाल्या की समजायचं, आपली धडगत नाही. एका हळदीत बायकांनी आग्रह केला म्हणून मी अंगठा दाखवला, मग कोपर, मग टाळ्यांच्या भरात खांदाही. तो अर्थातच निसटला. दुसऱ्या दिवशी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आपण आपला खांदा सर्कशीला भाड्याने दिला आहे काय?"

त्याच दिवशी मी रडत सांगून टाकलं, मला चिकूला उचलायचंय. मॅडमनी धीर वगैरे दिला नाही. कापडी पिशवीत ज्वारी भरली. पाय फाकवून उभं राहायचं, पिशवी छातीशी ओढायची, मग उचलायची. एक पिशवी दवाखान्यात, तशीच एक घरी, आणि दर खेपेला मूठभर भर. पिशवी चिकूएवढी होईपर्यंत चिकूला उचलायचं नाही.

"पण मॅडम, चिकूबी वाढीच ना!"

"वाढू दे. तू बी वाढ."

घरी माझी प्रगती जोरात होती. दवाखान्यात मात्र पिशवी टेबल सोडेना. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे. सासूबाई पदराचं टोक बघायला लागल्या. रोज व्यायामाआधी त्या घरच्या पिशवीतून ओंजळभर ज्वारी गुपचूप काढून घेत होत्या! "मले दया उनी. येवढीशी पोर, इतलं वझं..."

"सासूबाई," मॅडम म्हणाल्या, "आपण ज्वारी काढली नाहीत. आपण हिची ताकद काढून कोठीत ठेवलीत."

"आपण" ऐकून सासूबाई घाबरल्याच. तेव्हापासून त्या पिशवीवर पहारा ठेवायला लागल्या, आणि माझी खात्री आहे, वर एखादी मूठ जास्तच टाकत होत्या.

पिशवी चिकूएवढी झाली. "आते पोर उचल," मॅडम म्हणाल्या. पण ज्वारी वळवळत नाही, पोर वळवळते. माझा हातच पुढे जाईना. पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेला, असं करत राहिले, आणि एक दिवस मॅडमनी सांगितलं की धडगावला त्यांनी दवाखान्यासाठी स्वतःची खोली घेतलीय. "तठला लोकेसना अठे येवामा पुरा दिवस जास," त्या म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त भीती वाटली.

आम्ही तिघी शहाद्याच्या स्टँडवर निरोपाला गेलो. घरची केळी दिली. मॅडमनी चिकूचा गालगुच्चा घेतला, मला नुसतं "येस मी," म्हणजे येते मी, एवढंच म्हटलं आणि खिडकीची जागा पकडायला धावल्या. बस निघाली. चिकू टाटा करत चार पावलं पळाली आणि सपशेल पडली. गुडघा सोलला. भोकाड पसरून नेहमीसारखी माझ्या अंगावरून आजीकडे गेली.

सासूबाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मायकडे जाय," त्या म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

चिकू वळली. मी पाय फाकवले, तिला छातीशी ओढलं आणि उचललं. खांदा जागेवरच होता. चिकू रडायची थांबली. एवढ्या जवळून तिनं माझं तोंड नीट न्याहाळलं, मग डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं आणि उरलेलं रडणं तिथं सावकाश पुरं केलं.