कुंकवाचा ठिपका असलेला कॉम्प्युटर

काष्टीच्या एका शाळेतून भरदुपारी कॉम्प्युटर गेला, ती घटना निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरच्या एका ऑफिसने आपले सहा जुने कॉम्प्युटर शाळेला दान दिले होते. बाजारच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यातल्या एकाचा मुख्य डबा, म्हणजे सीपीयू, कोणीतरी उचलला. मुख्याध्यापकांनी आमच्या ठाण्यात अर्ज दिला.

मला आधी टोळीचा संशय आला. पण टोळी पाच कॉम्प्युटर मागे कशाला ठेवेल?

थोड्याच दिवसांत नगरच्या सावेडीतल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचा फोन आला. "साहेब, एक म्हातारे गोधडीत डबा गुंडाळून आलेत. वर शाळेचं नाव रंगवलंय. विकायचा नाही म्हणतात, आतलं चित्र तेवढं दाखवा म्हणतात."

म्हातारे राहुरीजवळच्या खेड्यातले. ठाण्यात आणल्यावर हवालदाराने सवयीने दम भरला. मी त्याला बाहेर घालवलं आणि चहा मागवला. सराईत चोर फुकटचा चहा कधी सोडत नाही. हे कपाला हात लावेनात.

"बाबा, सहातला हाच का उचलला?"

त्यांनी डब्याची मागची बाजू दाखवली. पत्र्यावर कुंकवाचा वाळका ठिपका होता. "खंडेनवमीला म्याच लावला. माझं पोरगं त्या हापिसात ह्याच्यावरच काम करायचं."

आम्हीही त्या दिवशी रायफलींना कुंकू लावतो. मग ते आपणहून सांगू लागले.

पोराने त्या दिवशी बापाला पडद्यावर स्वतः काढलेलं चित्र दाखवलं होतं. दारात बसलेली आई, अंगावर निळं लुगडं. "दिवाळीत आईला आणतो दाखवायला," म्हणाला. दिवाळीआधीच तो मोटारसायकलवरून जाताना अपघातात गेला.

"अहो, शाळेत मागायचंत ना!"

"हापिसात मागितलं, तर शाळंला दिलं म्हनले. जुनं समदं पुसत्यात, असंबी कळलं. मग धीर न्हाई निघाला, सायेब."

मी शाळेच्या कॉम्प्युटर मास्तरांना बोलावलं. सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "साहेब, पोरं कुठेही बसली तरी सारखंच दिसावं, म्हणून आल्या आल्या सगळे पुसले. एक नीट तयार केला आणि बाकीचे हुबेहूब तसेच केले. आत काय होतं ते बघितलंसुद्धा नाही हो!"

एवढ्यात नवऱ्याला शोधत म्हातारी ठाण्यात आली. ती चित्र बघायचंच म्हणाली, म्हणून मास्तरांनी शाळेतून पडदा आणून जोडला. निळा, मोकळा पडदा उजळला, बाकीच्या पाचांवर होता तसाच. ती किती तरी वेळ बघत राहिली.

"मी कुठं हाय ह्यात?"

म्हाताऱ्यांनी मान खाली घातली. मास्तर मात्र तिच्याजवळ जाऊन बसले.

"आजी, आता ते नाही राहिलं. पण मी पाहिलं होतं. दारात बसला होतात. निळं लुगडं. आणि हसत होतात."

"हसत व्हते?"

"चांगल्या हसत होतात. पोराकडेच बघत होतात."

तिने पदर तोंडाला लावला आणि ती ढसाढसा रडली. मुख्याध्यापकांनी अर्ज मागे घेतला. डबा शाळेत परत गेला.

त्या दिवसापासून पकडलेल्या माणसाला मी आधी विचारायचो, काय शोधत होतास? चोरीच्या मालापुढे हा प्रश्न आम्ही पोलीस विसरतो.

जाताना म्हातारीने मास्तरांना सगळं पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, या वेळी दारातली तुळससुद्धा आली. जन्मभर मी लोकांचे जबाब उलटसुलट तपासले. तो एक जबाब मी तसाच राहू दिला.